मुलांचा ब्लॉग काढा, पण आधी संपादक मंडळ बसवा

प्रश्न असा आहे: "आमच्या अनुदानित शाळेत आठवी-नववीच्या मुलांचा ब्लॉग काढायचा विचार आहे. मुख्याध्यापक म्हणतात, नसती उठाठेव कशाला. पालक म्हणतात, मोबाइल आधीच हातातून सुटत नाही. इंटरनेटवर जबाबदारीने कसं वागायचं हे असं लिहिता लिहिता खरंच शिकवता येतं का? सुरुवात कुठून करू?"

मॅडम, येतं. शपथ घेऊन, पोस्टर रंगवून किंवा पोलीस खात्यातल्या साहेबांचं व्याख्यान ठेवून मात्र फारसं येत नाही. तेही जरूर करा, त्यात वाईट काही नाही. पण कुलूप-किल्लीचं सुरेख चित्र काढून पहिला नंबर मिळवणारी मुलगी त्याच संध्याकाळी वर्गात डुलक्या घेणाऱ्या मैत्रिणीचा फोटो ग्रुपवर टाकते आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. चित्र परीक्षकांसाठी होतं, फोटो 'आपल्या आपल्यात' होता. आपल्या नावावर काही जाहीर झालंय, अनोळखी माणूस ते वाचतोय आणि त्याने उलट विचारलं तर उत्तर आपल्याला द्यायचंय, असा प्रसंग तिच्यावर कधी आलेलाच नसतो. ब्लॉग तो प्रसंग आणतो, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे.

पालकांची भीती समजण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली. तशी बंदी उद्या आपल्याकडे आली तरी मूल कधीतरी सोळा वर्षांचं होणारच, आणि त्या दिवशी त्याला काय येत असेल हा प्रश्न उरतोच. पालकसभेत मी एवढंच सांगतो की ब्लॉगसाठी मुलाच्या हाती मोबाइल द्यावा लागत नाही. लेख वहीत लिहिला जातो, वर्गात वाचला जातो आणि शाळेतल्या एका संगणकावरून वर चढतो. हे ऐकल्यावर निम्मा विरोध मावळतो.

सुरुवात ब्लॉगपासून करू नका. पहिलं सत्र भिंतीवर काढा. भित्तिपत्रक आणि हस्तलिखित ही आपल्या शाळांची जुनी चाल आहे, मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही. फक्त त्यात एक भर घाला: प्रत्येक लेख भिंतीवर जाण्याआधी मुलांच्याच संपादक मंडळापुढे जाईल. मंडळात चौघे. एक जण माहिती पडताळतो, एक जण परवानग्या पाहतो (फोटो कुणाचा, चित्र कुठून घेतलं, नाव छापायला हो म्हणालाय का), एक जण भाषा बघतो. चौथं काम माझं आवडतं आहे. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या जागी बसून लेख वाचायचा आणि त्याला काय वाटेल ते मोठ्याने बोलून दाखवायचं. कामं दर महिन्याला बदलायची. वर्गात सगळ्यात जास्त टिंगल करणारा मुलगा या चौथ्या खुर्चीत बसवून पाहा. तो जेवढं बारीक पकडतो तेवढं आपल्याला दिसतही नाही, कारण कुठलं वाक्य कुणाला कुठे लागतं याचं त्याचं ज्ञान दांडगं असतं.

शेवटचा हात तुमचाच राहील, पण तो क्वचित वापरा. तांत्रिक बाजूने हे सोपं आहे. ब्लॉग चालवण्याच्या वर्डप्रेस या सेवेत 'कॉन्ट्रिब्यूटर' अशी भूमिका देता येते: त्या मुलाला लिहिता येतं, प्रकाशित करता येत नाही. गूगलच्या 'ब्लॉगर' या सेवेत लेखक म्हणून घेतलेला माणूस थेट प्रकाशित करू शकतो, म्हणून तिथे मुलांना खातं देऊच नका. काहीही निवडा, पण खातं शाळेच्या नावाने काढा, स्वतःच्या जीमेलवर नको. तुमची बदली झाली की ब्लॉग पोरका होतो, आणि दहा वर्षांपूर्वीच्या मुलांचे फोटो कुणालाच काढता येत नाहीत अशी पानं इंटरनेटवर पडून असतात. आणखी एक किरकोळ पण त्रासदायक गोष्ट: कार्यालयातल्या लिपिकाने कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चढवला तर वाचकाला नुसती अक्षरांची खिचडी दिसते. मुलांना पहिल्या दिवसापासून युनिकोडची, म्हणजे कुठल्याही यंत्रावर नीट वाचता येणाऱ्या टायपिंगची, सवय लावा.

खिचडीवरून आठवलं. जबाबदारीने लिहिणं म्हणजे काय, हे सांगायला मला आजवर सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण शाळेतल्या जेवणाचंच आहे. मार्था पेन ही स्कॉटलंडच्या आर्गाइल भागातली नऊ वर्षांची मुलगी. एप्रिल २०१२च्या अखेरीस तिने वडिलांच्या मदतीने 'नेव्हरसेकंड्स' नावाचा ब्लॉग सुरू केला. शाळेतल्या जेवणाच्या ताटाचा फोटो आणि खाली तिची मोजदाद: जेवण दहापैकी किती गुणांचं, आरोग्याच्या दृष्टीने दहापैकी किती, किती घास झाले, किंमत किती, आणि ताटात केस सापडले का. जूनच्या मध्यावर स्थानिक कौन्सिलने तिला जेवणघरात फोटो काढायला मनाई केली. ती बातमी जगभर गेली आणि दुसऱ्याच दिवशी कौन्सिलला मनाई मागे घ्यावी लागली. त्या गडबडीत लोकांनी गरीब देशांतल्या शाळकरी मुलांना जेवण पुरवणाऱ्या 'मेरीज मील्स' या संस्थेला तिच्या ब्लॉगमार्फत एक लाख पौंडांहून जास्त देणगी दिली, आणि मलावीतल्या एका शाळेत स्वयंपाकघर उभं राहिलं.

ही गोष्ट सांगितली की मुलं टाळ्या वाजवतात: लहान मुलगी जिंकली, मोठे हरले. तिथे थांबू नका. मनाईचं कारण देताना कौन्सिलने काय म्हटलं होतं, तेही सांगा. एका वृत्तपत्राने जेवण वाढणाऱ्या बायकांना कामावरून काढायची वेळ आली, अशा अर्थाचा मथळा दिला होता आणि त्या कर्मचाऱ्यांना नोकरीची धास्ती वाटू लागली होती. मथळा मुलीने लिहिला नव्हता. पण तिच्या लिखाणाचा धागा पकडून तिसऱ्याच माणसाने चौथ्या माणसाच्या पोटावर पाय आणला. मग वर्गाला विचारा: मार्थाने लिहिलं ते चूक का? जवळजवळ सगळे नाही म्हणतात, आणि ते बरोबर आहे. कौन्सिलचं बरोबर होतं का? त्यालाही बहुतेक नाहीच. मग त्या बायकांचं काय? इथे वर्ग गप्प होतो आणि खरा तास सुरू होतो.

आता हेच आपल्या शाळेत आणा. आठवीतला मुलगा लिहून आणतो, "आमच्या शाळेची खिचडी बेकार आहे. डाळ चोरतात." पहिलं वाक्य त्याचं मत आहे आणि ते लिहायचा त्याला पूर्ण हक्क आहे. मंडळाने त्याला एवढंच म्हणायचं की बेकार म्हणजे नेमकी कशी ते सांग: पाणचट, अळणी, की खाली लागलेली? दुसरं वाक्य आरोप आहे. त्याला पुरावा लागतो, आणि पुरावा कुठे शोधायचा हे त्याला माहीत नसतं. शोधायला लावा. पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ धरलेली आहे, पहिली ते पाचवीला १०० आणि २० ग्रॅम. शाळेत साठ्याची नोंदवही असते. खिचडी शिजवणाऱ्या ताई असतात, तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या, बहुधा त्याच गावातल्या, आणि त्यांचा मुलगा कदाचित शेजारच्या तुकडीत. त्यांना आधी भेट, मग लिही. भेटून आल्यावर बहुतेक वेळा लेख बदलतो: डाळ वेळेवर आली नव्हती, ताईंनी दोनदा सांगितलं होतं, असं काहीतरी निघतं. 'चोरतात' गळून पडतं, पण तक्रार उरते आणि आधीपेक्षा जड होते. अशा लेखाने मुख्याध्यापक थोडे अस्वस्थ झाले तर होऊ द्या. स्नेहसंमेलनाचे फोटो आणि प्रमुख पाहुण्यांचे आभार एवढंच ज्या ब्लॉगवर असतं, तिथे मुलं जबाबदारी शिकत नाहीत, बातमीपत्र भरायला शिकतात.

नावं आणि फोटो यांबाबत मी कडक आहे. ब्लॉगवर मुलाचं फक्त पहिलं नाव किंवा त्याने घेतलेलं टोपणनाव. आडनाव नाही. आडनावावरून आपल्याकडे जात हुडकणारे वाचक कमी नाहीत, आणि गाव, शाळा, आडनाव एकत्र आलं की घर सापडायला पाच मिनिटं पुरतात. गणवेशावरचा बिल्ला, शिकवणीची वेळ, कुठल्या बसने जातो, घरी दुपारी कोण नसतं, हे सगळं मुलं 'माझा दिनक्रम' या निरुपद्रवी निबंधात लिहून मोकळी होतात. मंडळातल्या परवानगीवाल्याला ते शोधायला शिकवा. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ते गळतात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तसेच जातात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून घेणं हा पाच मिनिटांचा पाठ आहे आणि मुलं तो घरी जाऊन आईवडिलांना शिकवतात.

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शैक्षणिक संस्थांना काही बाबतींत सवलत आहे, पण सवलतीच्या भरवशावर राहू नये असं माझं मत आहे. प्रवेशाच्या वेळी घेतलेली सरसकट सही इथे चालवू नका. नाव, फोटो, आवाज, चित्र, प्रत्येकापुढे वेगळं हो-नाही ठेवा, दर वर्षी नव्याने घ्या, आणि खाली मुलाचीही सही घ्या. आई हो म्हणते आणि मुलगी नको म्हणते, असं घडतं. तेव्हा मुलीचं ऐकायचं.

एक गोष्ट मात्र चर्चेला न ठेवता सांगायची. गावात एखाद्या मुलावर अत्याचार झाला किंवा एखादं मूल गुन्ह्यात सापडलं, तर त्याचं नाव, घर, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही. ब्लॉगवर नाही, स्टेटसवर नाही, श्रद्धांजलीच्या पोस्टमध्येही नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५चं कलम ७४ आणि मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांबाबतच्या पोक्सो कायद्याचं कलम २३ ते मना करतात. मुलांना हे सांगावं लागतं, कारण अशा वेळी आतली माहिती वर्तमानपत्राआधी वर्गाला असते आणि 'न्याय मिळालाच पाहिजे' असं लिहिताना आपण त्या मुलीचीच ओळख उघड करतोय हे त्यांच्या लक्षात येत नाही.

अफवांचा तास घ्यायचा तर परदेशी उदाहरण शोधायची गरज नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. ती माणसं भिक्षा मागून जगणारी होती. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्याआधी व्हॉट्सअॅपवरून फिरत होत्या. देशभर अशा घटना घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मुलांना हे सांगताना मी रंगवून सांगत नाही, व्हिडिओ तर कधीच दाखवत नाही. मग प्रत्येकाने घरच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड लिहून आणायचा आणि खाली तीन उत्तरं: हे कोण म्हणतंय, कधीचं आहे, आणि खरं-खोटं करायला फोन कुणाला लावता येईल. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे छापला गेला ते पाहायचं. भलत्याच राज्यातला, चार वर्षांपूर्वीचा फोटो 'काल रात्री आपल्या तालुक्यात' म्हणून फिरताना सापडला की मुलांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो. शोधून काहीच सापडलं नाही तरी 'आम्हाला याचा आधार सापडला नाही' एवढंच लिहून तेही ब्लॉगवर टाका.

कायद्याबद्दल मुलांच्या दोन टोकाच्या समजुती असतात: काहीही लिहिलं तरी कुणी विचारत नाही, किंवा काही लिहिलं की थेट केस. दोन्ही मोडायला पालघरचं प्रकरण सांगा. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिलं आणि दुसरीने ते फक्त 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली. पुढे प्रकरण बंद झालं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जे कलम ६६अ अशा प्रकरणांत लावलं जायचं, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे मत मांडण्याचा हक्क खरा आहे, संविधानातल्या कलम १९ मधला आहे. त्याच कलमात त्याच्या मर्यादाही आहेत, आणि दुसऱ्याच्या नावाने खातं उघडणं किंवा कुणाचे खासगी फोटो फिरवणं हे आजही गुन्हेच आहेत. सोबत हेही सांगा की कोर्टात शेवटी सुटलो तरी मधले दिवस कुणी परत देत नाही.

स्टेटसचा विषय टाळू नका. जून २०२३मध्ये कोल्हापुरात काही जणांच्या स्टेटसवरून तणाव झाला, बंदला हिंसक वळण लागलं, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. आपली मुलं ब्लॉगपेक्षा स्टेटसवर कितीतरी जास्त असतात. जयंत्या, निवडणुका, क्रिकेटचा सामना, या दिवसांच्या आधीच्या तासाला मी संपादक मंडळाला स्टेटसही तपासायला लावतो. कुणाचे खरे स्टेटस नव्हे, मी तयार केलेले नमुने. कुठला जाईल, कुठला नाही, आणि का.

कॉपीच्या बाबतीत थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे आणि मुलं त्यांची गोष्ट बिनधास्त टाकू शकतात. पाठ्यपुस्तकातल्या हयात कवीची अख्खी कविता मात्र टाकता येत नाही; दोन ओळी घेऊन त्यांवर स्वतःचं लिहा. चित्रं गूगलवरून उचलण्यापेक्षा वर्गातल्याच कुणाकडून काढून घ्या, सगळा प्रश्न मिटतो. एआयकडून लिहून आणलेला लेख ओळखता येतो की नाही या खेळात मी पडत नाही. लेखाखाली 'कुणाची मदत घेतली' अशी ओळ सक्तीची ठेवली आहे: आजोबा, विश्वकोश, चॅटबॉट, जे असेल ते. मंडळापुढे उभं राहून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात, तिथे उसनं घेतलेलं टिकत नाही.

दुसऱ्या सत्रात ब्लॉग उघडला की पहिले काही आठवडे तो फक्त निमंत्रितांना दिसेल असा ठेवा, मग सगळ्यांसाठी खुला करा. प्रतिक्रिया तपासूनच दिसतील ही सोय कायम चालू ठेवा. प्रतिक्रियेला उत्तर ज्याचा लेख त्यानेच द्यायचं, पण त्याच दिवशी नाही. एक रात्र मध्ये गेली पाहिजे. दुसऱ्यांच्या लेखांवर 'छान', 'मस्त', अंगठा, यांना आमच्याकडे बंदी आहे. काय छान ते सांगता येत नसेल तर गप्प बसावं. आणि चूक निघाली तर लेख गुपचूप बदलायचा नाही किंवा उडवायचा नाही. खाली तारखेसह 'दुरुस्ती' लिहायची: आधी असं लिहिलं होतं, ते असं हवं, अमुक वाचकाने लक्षात आणून दिलं. हा नियम मुलांना सगळ्यात जड जातो. मोठ्यांनाही जातो, म्हणून शिक्षकांच्या लेखालाही तो लावा. माझ्या अनुभवात, आपल्या नावापुढे दोन-तीन दुरुस्त्या लागल्यावर मूल लिहिण्याआधी विचारायला लागतं. तोवर कितीही सांगितलं तरी व्यर्थ.

आता नको ते घडलं तर. कुणी मुलीचा फोटो बदलून फिरवला, धमकी आली, सतत कुणी मागे लागलं. मुलांना आधीच पढवून ठेवा: घाबरून मेसेज डिलीट करायचा नाही, स्क्रीनशॉट घ्यायचा, उत्तर द्यायचं नाही, आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं. सांगणाऱ्या मुलाचा मोबाइल काढून घेतला जाणार नाही असं वचन पालकांकडून सभेतच घ्या, नाहीतर कुणीच सांगणार नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, १९३० ही सायबर गुन्ह्यांची, मुख्यतः पैशांच्या फसवणुकीची, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांची नग्न छायाचित्रं फिरत असतील तर 'टेक इट डाउन' ही सेवा फोटो कुणालाही न पाठवता ते मोठ्या माध्यमांवरून हटवायला मदत करते. शाळेतल्या शाळेत मिटवून टाकू, ही प्रवृत्ती इथे घातक आहे: लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं पोक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, आणि ते बंधन तुमच्या-माझ्यावरही आहे. मुख्याध्यापकांना हे लेखी देऊन ठेवा.

ब्लॉगला गुण देऊ नका. किती जणांनी वाचलं याचा आकडा मुलांपासून लपवता आला तर लपवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात सगळे सनसनाटी मथळ्यांच्या मागे लागतील. आठवड्याला एक लेख पुरतो. नववीची मुलं दहावीत गेली की क्लास आणि सराव परीक्षांमुळे मंडळ एका झटक्यात रिकामं होतं, म्हणून सातवीतली दोन मुलं जानेवारीपासूनच मंडळाच्या बैठकीला बसवायला लागा.